टाकीतलं ऑइल चेंबरमध्ये उतरतंय? जुन्या ब्रिटिश गाड्यांचं वेट संपिंग शोधण्याची आणि थांबवण्याची रीत

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मला येणारे बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली नॉर्टन, बीएसए किंवा ट्रायम्फ पूजेसाठी बाहेर काढलेली असते. किक जड लागते. गाडी चालू झाली की सायलेन्सरमधून एवढा पांढुरका निळा धूर येतो की शेजारी गॅलरीत येऊन बघतात. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडावं तर टाकी जवळजवळ रिकामी, आणि खाली फरशीवर मात्र थेंबही नाही. मग मालक विचारतो, "रिंगा गेल्या का? इंजिन उघडायला लागणार का?"

बहुतेक वेळा नाही. ऑइल कुठेही गेलेलं नसतं, ते टाकीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या क्रँककेसमध्ये, उतरून बसलेलं असतं. यालाच वेट संपिंग म्हणतात. इंग्लंडमधले लोक हिवाळ्यात गाड्या उभ्या करतात आणि वसंतात बाहेर काढतात, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव येतो. आपल्याकडे ते काम पावसाळा करतो. अशा अनेक गाड्यांमागे बसून, मोजून, पंप उघडून जी क्रमवारी हाताला बसली ती इथे देतो. आधी फुकटात होणारी तपासणी, मग किरकोळ खर्चाची, आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी.

लक्षणं

टाकीची पातळी गाडी नुसती उभी असताना घटते, चालवताना नाही. किक पहिल्या दोनतीन वेळा जड आणि चिकट लागते. चालू केल्यावर धूर येतो आणि काही मिनिटांत ओसरतो. ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून ऑइल उडून मागच्या टायरवर किंवा चेनवर पडतं. काही गाड्यांत प्रायमरी चेनकेसची (इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या साखळीच्या डब्याची) पातळी आपोआप वाढते आणि क्लच घसरायला लागतो, कारण चेंबर भरल्यावर ऑइल क्रँकच्या सीलवरून तिकडे वाट काढतं. १९७० पासूनच्या ट्रायम्फ ६५० मध्ये चेंबरचा श्वासच प्रायमरीतून घेतलेला आहे, त्यामुळे तिथे हे होणारच.

पंधरावीस किलोमीटर चालवूनही धूर तसाच असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर धूर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडकडे बघा, जोर दिल्यावर येत असेल तर रिंगांकडे.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी, कारण सगळ्यात जास्त घाण हिच्यामुळे होते: टाकी रिकामी दिसली म्हणून लगेच वरून ऑइल ओतू नका. जुनं ऑइल चेंबरमध्ये आहेच. तुम्ही एक लिटर वर ओतलंत आणि गाडी चालू केलीत की परतीचा पंप खालचं सगळं वर फेकतो, टाकी भरून वाहते आणि मागचं टायर ऑइलने माखतं. त्या टायरवर पहिल्याच वळणाला घसरलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. पातळी बघायची ती गाडी गरम होऊन बंद केल्यावर दोनचार मिनिटांत.

हे होतं का

या गाड्या ड्राय संपच्या. ऑइल वेगळ्या टाकीत असतं, पंपाच्या वरच्या पातळीला. पंपाचे दोन भाग: एक टाकीतलं ऑइल बेअरिंगांना पाठवतो, दुसरा चेंबरच्या तळाशी जमलेलं ऑइल उचलून परत टाकीत टाकतो. परतीचा भाग मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. नॉर्टनच्या गिअर पंपात परतीची चाकं रुंद असतात, ट्रायम्फच्या पंपात परतीचा प्लंजर जाड असतो. म्हणजे चालू इंजिनात चेंबर कायम कोरडं राहतं.

इंजिन बंद झालं की टाकीतलं ऑइल आपल्या वजनाने खाली यायला बघतं. त्याला अडवायला फक्त दोन गोष्टी असतात: पंपातली बारीक फट, आणि काही गाड्यांत एक छर्रा व त्यामागची अगदी हलकी स्प्रिंग. नॉर्टन कमांडोसारख्या गाडीत तर १९७५ च्या मार्क ३ पर्यंत पंपापुढे असा व्हॉल्व्हच नव्हता. या गाड्या बनल्या तेव्हा बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्रीचा कामगार त्यांच्यावरून रोज कारखान्यात जात होता. चार महिने गाडी हलणारच नाही असा विचार करून कोणी पंप आखला नाही. म्हणून थोडं ऑइल उतरणं हा दोष नाही. किती वेगाने उतरतं हा खरा प्रश्न.

आता महत्त्वाचा मुद्दा. चेंबर भरण्याची कारणं दोन, आणि बाहेरून दोन्हींचं रूप सारखंच. पहिलं, गाडी उभी असताना ऑइल खाली येतं. दुसरं, गाडी चालू असताना परतीचा पंप ऑइल पुरेसं उचलतच नाही. पहिल्या कारणासाठी घाई नसते. दुसऱ्यासाठी गाडी त्याच दिवशी थांबवावी लागते. पुढच्या सगळ्या तपासण्या हे दोन वेगळे करण्यासाठी आहेत. हा फरक न करता थेट पंप उघडणारे लोक चांगला पंप खराब करून ठेवतात.

फुकटातल्या तपासण्या

गाडी गरम करा, पातळी बघा, टाकीतल्या पट्टीवर किंवा बाहेर चिकटपट्टीवर खूण करा आणि तारीख लिहा. मग रोज बघा. एका रात्रीत टाकी अर्धी झाली तर पुढे वाचा. तीन आठवड्यांत अर्धी झाली तर माझ्या मते पंपाला हात लावू नका. सत्तर वर्षांच्या पंपासाठी ते चांगलं आहे.

दुसरी तपासणी टाकीच्या तोंडातून. झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा आणि परतीच्या नळीच्या टोकाकडे टॉर्चने बघा. सुरुवातीला जाड, सलग धार यायला हवी, कारण खाली साठलेलं वर येतंय. थोड्या वेळाने ती धार तुटक होईल, मध्ये हवा, मध्ये ऑइल. ही तुटक धार पाहून पुष्कळ जण घाबरतात, पण तीच निरोगी खूण: चेंबर कोरडं झालंय आणि मोठा पंप आता हवाही ओढतोय. धार मिनिटभरात आलीच नाही तर इंजिन बंद. रेस करून "चढतंय का बघू" असं करू नका.

तिसरी, नळ्या. कारखान्यातून आहे तशी आलेली गाडी असेल तर हे पटकन उरकतं: क्लिप घट्ट आहेत का, रबर आतून फुगलंय का. जुनं रबर बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून सुटून वाट अडवतं. पण गाडी कस्टम असेल तर इथे नीट वेळ द्या.

ट्रायटनचं, म्हणजे नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलेल्या गाडीचं, उदाहरण घ्या. नॉर्टनची फेदरबेड फ्रेम १९५० साली आली, रेक्स मॅककँडलेसच्या हातची. जेफ ड्यूकने त्याच वर्षी आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत तिच्यावर जिंकली. वळणाला तिच्यासारखी फ्रेम नव्हती आणि ट्रायम्फच्या ट्विन इंजिनासारखं हलकं, सहज मिळणारं, जोरदार इंजिन नव्हतं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेवर जमणाऱ्या पोरांनी दोन्ही एकत्र केले. त्या काळातल्या माणसांच्या आठवणी ऐकल्या की जाणवतं, हे सगळं घराच्या मागच्या शेडमध्ये, हातात असेल त्या सामानावर झालेलं होतं. मला ती कारागिरी मनापासून आवडते. पण त्यात ऑइलची टाकी बहुधा घरी पत्रा वळवून बनवलेली, सीटखाली मध्यभागी बसवलेली असते. तिच्या कोणत्या तोंडाला कोणती नळी जाते हे फक्त बनवणाऱ्याला माहीत होतं. पुढे गाडीचे तीनचार मालक बदलतात, कोणीतरी रंगासाठी टाकी काढतो आणि नळ्या उलट जोडतो. उलट्या नळ्यांत इंजिन टाकीच्या वरच्या तोंडातून हवा ओढतं आणि बेअरिंगं कोरडी राहतात. म्हणून कस्टम गाडीत प्रत्येक नळी हाताने टोकापासून टोकापर्यंत चाचपून बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

ब्रीदरचंही तसंच. ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसएच्या या जुन्या ट्विन इंजिनांत दोन्ही पिस्टन एकत्र वर आणि एकत्र खाली येतात, त्यामुळे चेंबरमधली हवा प्रत्येक फेरीला जोरात बाहेर ढकलली जाते. तिला मोकळी वाट लागते. कस्टम गाडीत दिसायला नको म्हणून ती नळी बारीक केलेली, वाकवलेली किंवा चक्क बूच मारून बंद केलेली सापडते. मग चेंबरमधला दाब सील उडवतो, गॅस्केटमधून ऑइल काढतो, आणि मालक बिचारा गॅस्केटवर गॅस्केट बदलत बसतो. नळीत फुंकून बघा. एवढंच.

जुन्या लोकांचं एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: ब्रिटिश गाडी गळत नसेल तर तिच्यात ऑइल नाही असं समजा. या वाक्याने फार नुकसान केलंय. त्याच्या आधारावर लोक वर्षानुवर्षं गळती चालवून घेतात आणि बंद पडलेला ब्रीदर कोणी बघत नाही.

मोजमाप: याला खर्च एका वॉशरचा

ही माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी. गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि लगेच चेंबरचा तळाचा बोल्ट उघडा. ट्रायम्फला मोठा षटकोनी बोल्ट आणि त्यावर जाळी असते, बीएसएच्या ट्विनला चार नटांची प्लेट. पडलेलं ऑइल मापाच्या भांड्यात धरा. १०० ते १५० मिली, म्हणजे चहाच्या कपाएवढं, आलं तर परतीचा पंप आपलं काम करतोय. अर्धा लिटर आलं तर दोष चालू गाडीतला आहे, उभ्या गाडीतला नाही.

बोल्ट लावा, गाडी एक रात्र ठेवा, सकाळी पुन्हा उघडून मोजा. रात्रभरात किती उतरलं ते आता आकड्यात कळलं. कमांडोच्या टाकीत साधारण २.८ लिटर मावतं, त्यावर हिशेब करा.

पाना व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश मापाचा) वापरा. मेट्रिक पाना "जवळपास" बसतो आणि कोपरे गोल करतो. चेंबर ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर मूळ कामापेक्षा ते काम मोठं होतं. बोल्ट घट्ट करताना मनगटाचा जोर पुरे.

जाळी आणि चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते पांढऱ्या कापडावर पुसून उन्हात बघा. करडी, बारीक पेस्ट चालते. चमकणारे कण, पितळी झाक किंवा पापुद्रे दिसले तर पुढचं काही करू नका, शेवटचा भाग वाचा.

आलेलं ऑइल स्वच्छ असेल तर गाळून टाकीत परत घालता येतं. पण बहुतेक वेळा बदललेलंच बरं. बदलताना जातही बघा. २०डब्ल्यू-५० हे ऑइल थंड असताना २० च्या वर्गातल्या पातळ ऑइलसारखं वागतं. आपल्याकडच्या २५-३० अंशांच्या हवेत उभ्या गाडीत एसएई ५० चं साधं मोनोग्रेड (एकाच ग्रेडचं ऑइल) त्यापेक्षा घट्ट राहतं आणि फटीतून हळू उतरतं. फक्त मोनोग्रेड घातलंत तर पहाटेच्या थंडीत गाडी चालू करून लगेच पळवू नका, त्याला फिरायला वेळ लागतो.

छर्रा आणि त्याची बैठक

रात्रीत बरंच उतरतंय, चालू असताना परत नीट येतंय, नळ्या ठीक आहेत: मग छर्रा. ट्रायम्फमध्ये टायमिंग कव्हर काढलं की पंप समोर दिसतो, इनलेट कॅमशाफ्टच्या नटावरच्या खुंटीने तो चालतो. पंपाच्या तळाला दोन बुचं असतात, ती काढली की स्प्रिंग आणि छर्रे हातात येतात. बीएसएच्या ट्विनमध्ये छर्रा पंपापुढच्या वाटेवर, केसमध्ये असतो.

बऱ्याचदा छर्ऱ्याखाली एक कण अडकलेला असतो, दुसरं काही नाही. १९७१ पासूनच्या ट्रायम्फ आणि बीएसए ६५० मध्ये ऑइल फ्रेमच्या जाड नळीतच असतं. रंगासाठी कोणी फ्रेम सँडब्लास्ट केली, किंवा चॉपर करायला कापून वेल्डिंग केली, की आतली वाळू आणि वेल्डिंगचे मणी वर्षभर ऑइलबरोबर खाली येत राहतात. अशा फ्रेमला आतून पुन्हा पुन्हा केरोसिनने धुवा, शेवटी कापडातून गाळून खाली काही पडत नाही असं दिसेपर्यंत. त्याआधी पंपावर केलेली मेहनत वाया जाते.

छर्रा नवा घाला, स्प्रिंग ओढून लांब करू नका. बैठकीवर काळपट कडी असेल तर जुना छर्रा तिच्यावर ठेवून पितळी दांड्याने एकच हलका ठोका द्या, तो छर्रा फेकून द्या आणि नवा बसवा. पंप बाकावर ऑइल भरून तपासा: प्लंजर दाबून वर ओढताना बाहेर जाण्याच्या भोकातलं ऑइल मागे खेचलं गेलं तर छर्रा अजून बसत नाही.

बसवताना पंपाखालच्या कागदी गॅस्केटला सिलिकॉन लावू नका. त्याची आतल्या बाजूला सुटलेली लोळी क्रँकच्या बारीक भोकात जाऊन बसते. कमांडोत पंप आणि टायमिंग कव्हर यांच्यामधलं छोटं शंकूसारखं रबर नवं घाला, कव्हर लावताना ते थोडं दबायला हवं. ते सैल असेल तर बेअरिंगांकडे जाणारं ऑइल तिथेच गळतं.

नंतर पंपात ऑइल भरून बसवा, स्पार्क प्लग काढून, प्रेशर स्विचच्या भोकातून ऑइल दिसेपर्यंत किक मारा. मगच प्लग लावा.

टाकीखाली कॉक? नको

सगळे विचारतात म्हणून लिहितो. टाकी आणि पंप यांच्यामध्ये कॉक बसवला की ऑइल उतरणं थांबतं, यात शंका नाही. एके दिवशी घाईत तो उघडायचा राहतो आणि इंजिन काही किलोमीटरांत बसतं, यातही शंका नाही. कॉकला स्विच जोडून कॉक बंद असताना इग्निशन चालूच होणार नाही असं करता येतं, पण ते कॉइलच्या गाडीत. मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी बनवणाऱ्या) गाडीत इंजिन बंद ठेवण्यासाठी तार अर्थ करावी लागते. ती तार तुटली की कॉक बंद असूनही गाडी चालू होते. बीएसए एम २० किंवा नॉर्टन १६एच अशा महायुद्धातल्या, लष्कराकडून आलेल्या गाड्या मॅग्नेटोच्याच. त्यांना कॉक मुळीच नको.

पंपाच्या आधी बसणाऱ्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हबद्दलही माझं मत तेच. झिजलेल्या पंपाला तो ओढून उघडायला लावणं म्हणजे आजाऱ्यावर ओझं टाकणं. पंपानंतर बसणारा, मार्क ३ सारखा व्हॉल्व्ह मात्र चांगला.

बुलेटवाल्यांसाठी

मद्रासची जुनी कास्ट आयर्न बुलेट रेडिचच्याच (इंग्लंडमधल्या मूळ रॉयल एनफिल्डच्या) आराखड्याची, त्यामुळे तिलाही हे होतं. पण तिची ऑइलची टाकी वेगळी नाही, क्रँककेसच्याच ओतकामात मागे कप्पा आहे. म्हणून नळ्या आणि कॉकचा प्रश्नच येत नाही. तिथे बहुधा टायमिंग कव्हरमधल्या पंपाच्या चकत्या नीट बसत नसतात. पंपाची झाकणं उघडून चकती तिच्या बैठकीवर धातूच्या पॉलिशने हलक्या हाताने आठ आकारात घासा, सगळीकडे सारखी मॅट छटा येईपर्यंत. मग पॉलिशचा कणही राहणार नाही असं धुवा. चालू केल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून ऑइल येतंय याची खात्री करा.

इथे थांबा

मोजमापात चालू गाडीचं अर्धा लिटर आलं आणि परतीचा छर्राही ठीक निघाला, तर चेंबरमधली ऑइल उचलणारी नळी तडकलेली असू शकते किंवा पंप झिजलेला असतो. गिअर पंपाची बॉडी काचेवर घासून चाकांची बाजूची फट कमी करता येते, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालणारं ते काम आहे आणि जास्त घासलं तर पंप जाम होऊन त्याचा ड्राइव्ह तुटतो. बीएसएच्या ट्विनमधले काही पंप मझॅक या जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत, नट जरा जास्त आवळले की ते वाकतात. त्यांना घासत बसण्यापेक्षा ओतीव लोखंडाचा पंप घ्या. घासायचाच असेल तर सरफेस प्लेट आणि डायल गेज असलेल्या माणसाकडे द्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीला असे हात आहेत, फक्त त्यांना नमुना आणि माप दोन्ही लागतं.

जाळीवर चमकणारे कण, गरम गाडीत खालून ठक ठक आवाज, किंवा ऑइल प्रेशरचा दिवा गरम झाल्यावर विझत नसेल तर गाडी चालू करून बघण्याचा मोह टाळा आणि टेम्पोत घालून न्या. या ट्विन क्रँकच्या आत गाळ साठण्याची पोकळी असते. ती भरली की बिगएंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला) ऑइल मिळत नाही, आणि ती साफ करायला इंजिन पूर्ण खोलून क्रँक बाहेर काढावा लागतो. हे घरच्या शेडमधलं काम नाही. आटे गेलेलं चेंबर आणि तुटलेली छर्ऱ्याची बैठक यांचंही तसंच.

मिस्त्रीकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: गरम गाडीतून चेंबरमधून किती मिली निघालं, एका रात्रीनंतर किती निघालं, कोणतं ऑइल आहे, आणि परतीची धार सलग होती की तुटक. जाळीवरची घाण पुसलेलं कापडही प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा, धुऊ नका.